कामाक व्हयी काय पूजेक?

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी जामसंड्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात उभी होते. गर्दी होतीच, कुणाला रंगाचा डबा हवा होता, कुणाला पाइपाचे एल्बो, एकजण नायलॉनच्या दोरीचा भाव करत होता, आणि मला हवी होती पाव इंची पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची सपाट धारेची छिन्नी. दुकानदार वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी मागच्या फळीवरून दोन पटाश्या काढून समोर ठेवल्या. एक तेलकट कागदात गुंडाळलेली, काळपट. दुसरी लख्ख, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची. आणि सुटे पैसे मोजता मोजता, माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाये, कामाक व्हयी काय पूजेक?"

त्यांच्या दृष्टीनं साधा प्रश्न. या दिवसांत त्यांच्याकडे दोन्ही गिऱ्हाईकं येतात, ज्यांच्या घरात अजून काम चालतं ते, आणि ज्यांचं काम कधीच सुटलंय पण चौरंगावर मांडायला घरात एक तरी हत्यार हवं असतं ते. पूजेला स्वस्तातली चालते, कामाला चालत नाही, म्हणून विचारायचं, एवढंच. मी "कामाक" म्हटलं, काळपट घेतली, पैसे दिले आणि निघाले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण पाव इंची पटाशी माझ्या घरात आधीपासून आहे. आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. दरवर्षी मी ती त्यांच्या पेटीतून काढते, पुसते, चौरंगावर ठेवते, हळदकुंकू वाहते आणि दसऱ्यानंतर पुन्हा पेटीत घालते.

म्हणजे कामाची होती ती पूजेला बसवलेली, आणि कामाला मी दुसरी विकत आणत होते.

मी लाकडाची छोटी होडी बांधतेय, म्हणजे होडीचं मॉडेल. चार वर्षं झाली, एकच होडी. देवगडच्या खाडीकडेला माडांच्या बुंध्याशी एक जुना मचवा कलंडून पडलेला होता, फायबरच्या होड्या आल्यापासून असे बरेच पडले. तीन रविवार मी टेप, ओळंबा आणि वही घेऊन त्याची मापं काढली. जवळून जाणारी माणसं थांबून बघायची, एका तांडेलानं, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशानं, तर टेपचं दुसरं टोक धरून दिलं आणि कुठून कुठे मोजायचं तेही सांगितलं. आपल्याकडचे होडीचे मेस्त्री नकाशा काढून बांधत नसत, डोळ्यानं आणि हाताच्या अंदाजानं बांधत, त्यामुळे कागद मिळणार नव्हताच, जे काही होतं ते त्या लाकडातच. इथून विजयदुर्ग किती जवळ, पण तिथे १७५६ साली जळलेल्या आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबेला, त्या लढाऊ गलबताला, मी हात लावून बघू शकत नाही, या मचव्याला बघू शकत होते. पुढचा पावसाळा संपल्यावर गेले तर नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाचा, एक तुकडा तेवढा वाळूत रुतलेला, बाकी सगळं कुणाच्या तरी चुलीत गेलं असणार. आता ती वही आहे. ३० फुटी मचवा, एकास चोवीस या प्रमाणात, म्हणजे खऱ्या होडीचा एक फूट माझ्याकडे अर्धा इंच. एकूण लांबी पंधरा इंच, साधारण ३८ सेंटीमीटर. खरी इंचभर जाडीची फळी माझ्याकडे जेमतेम १ मिलिमीटर.

सुरुवात झाली ती मोबाइलवर. रात्री जेवणं आवरली की मी हत्यारं बघत बसायची. मॉडेलवाल्यांची हत्यारं दिसायलाच इतकी देखणी असतात ना, बोटाएवढा पितळी रंधा, सुईसारख्या कानशी, पट्ट्या वाकवायचं विजेचं यंत्र, दागिन्यांच्या पेटीत ठेवावेत तसे मखमलीत ठेवलेले चाकू. पहिल्यांदा घेतलं ते हातात धरून चालवायचं रोटरी मशीन, मिनिटाला ३५ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं, सोबत घासायचे, कापायचे, पॉलिशचे ढीगभर तुकडे. त्यानंतर छोटे शिकंजे, त्यानंतर चिमटे, चार प्रकारचे. पार्सल आलं की मी ते टेबलावर मांडायची, प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघायची, परत खोक्यात ठेवायची. आठ महिने असे गेले आणि तोपर्यंत मी लाकडाला एकदाही करवत लावली नव्हती. आज कळतं की मला भीती वाटत होती. पार्सल फोडताना चूक होत नाही, फळी कापताना होते, आणि माझ्याकडे लाकूड थोडं होतं, वहीतलं माप एकदाच घेतलेलं, पुन्हा मोजायला मचवा राहिला नव्हता.

शेवटी एकदा सांगाडा उभा केला. पठाण, म्हणजे होडीचा खालचा कणा, सागाचा, आणि त्याच्यावर प्लायच्या आडव्या चौकटी. या चौकटींच्या कडा नुसत्या सरळ कापून भागत नाही, होडी पुढे नाळेकडे निमुळती होत जाते तशा त्या तिरक्या घासाव्या लागतात, नाहीतर फळी कडेच्या एका रेघेवर टेकते आणि फुगा येतो. हे काम मी मशीननं करायला घेतलं. एका सेकंदात, अगदी एका सेकंदात, तिसऱ्या चौकटीत बोटभर खड्डा पडला आणि प्लाय करपल्याचा तो कडवट वास खोलीभर. मशीन बंद करून मी किती वेळ तशीच बसून राहिले. चूक मशीनची म्हणता येणार नाही, त्याला कठीण धातूवर घाई करायची सवय, आणि मला हवी होती केसाएवढी झीज. नंतर त्या खड्ड्यात चिपाटी चिकटवून तो भरला आणि ती घासायला एक लांब, लवचिक पट्टी घेऊन तिच्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. पट्टी एवढी लांब की एका वेळी तीन चौकटींवर टेकते. मग ज्या चौकटीचा उंचवटा असेल तोच आधी घासला जातो, खोल असेल तिला पेपर लागतच नाही. लाकूड स्वतःच सांगतं कुठे घासायचं ते. तीन दिवस लागले. शेवटी डोळे मिटून सांगाड्यावरून एक सुटी पट्टी फिरवली आणि ती कुठेही न अडखळता नाळेपर्यंत वळत गेली, तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्याच पार्सलानं दिला नव्हता. पट्टी दहा रुपयांची पण नसेल.

तिथून पुढे हत्यार घ्यायची माझी पद्धतच बदलली. काम अडलं की बघायचं काय हवंय. फळ्यांना बारीक भोकं पाडायची होती, लाकडी खिळ्यांसाठी, तर बोटांनी फिरवायचा छोटा ड्रिल घेतला, पिन व्हाइस म्हणतात तो. मागचं गोल टोपण तळहातात टेकवायचं आणि पुढचा भाग अंगठा-तर्जनीत फिरवायचा, सूत कातल्यासारखा. ०.८ मिलिमीटरचं बिट. आधी कार्बाइडची बिटं आणली होती कारण ती जास्त धारदार आणि जास्त टिकाऊ असं वाचलेलं, पण ती काचेसारखी, हात जरासा तिरका झाला की टक्कन तुटतात आणि तुकडा भोकातच अडकतो. साधी हाय स्पीड स्टीलची बिटं थोडी वाकून घेतात, हाताचा थरथराट सांभाळून घेतात. हातानं काम करणाऱ्यानं हीच घ्यावीत. चाकूचंही तसंच, मूठ कसलीही चालेल, पातं मात्र ताजं हवं, आणि जोर लावून एकदा कापण्यापेक्षा हलक्या हातानं सहा वेळा. फळी चिकटेपर्यंत धरून ठेवायला सगळ्यात उपयोगी पडले कपड्यांचे लाकडी चिमटे. स्प्रिंग काढून दोन्ही काड्या उलट्या करून बसवल्या की सपाट, लांब तोंडाचा चिमटा तयार होतो आणि खोलवर पकडतो. हल्ली बाजारात सगळे प्लास्टिकचे, लाकडी शोधायला मला कणकवलीपर्यंत जावं लागलं.

लाकडाचं सांगते, कारण हत्यार कुठलं घ्यायचं ते शेवटी लाकडावर ठरतं. मी हट्टानं सगळी होडी सागातच करणार होते. आजोबांचा शब्द एकच, होडी सागाची. आणि ते खोटं नव्हतं, मुंबईच्या वाडियांनी १८१७ साली सागात बांधलेली त्रिंकोमाली युद्धनौका अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यात उभी आहे. पण १ मिलिमीटरच्या फळीत सागाच्या उभ्या रेषा फार जाड दिसतात, एकास चोवीसच्या होडीवर त्या खाचा वाटतात, शिवाय साग तेलकट, फेव्हिकॉल धरायला कुरकुर करतो, आणि त्याच्यात वाळूसारखा अंश असतो त्यानं चाकूची धार भराभर जाते. वखारीत गेले तर तिथल्या माणसानं हेदाचा एक तुकडा काढून दिला. पिवळसर, साबणासारखं गुळगुळीत, दाणा एवढा बारीक की नखाला लागत नाही. कंगवे करायचे पूर्वी याचे. मग पठाण आणि नाळ सागाची ठेवली, फळ्या हेदाच्या. आता त्या फळ्या पाडणं हेही एक दुःखच, वखारीतल्या करवतीची जाडी २ मिलिमीटर, म्हणजे १ मिलिमीटरची पट्टी काढायला दुप्पट लाकडाचा भुसा होतो. तो पिवळा भुसा बघून जीव कळवळला. शेवटी जाड पट्ट्या पाडून घेतल्या आणि घरी रंध्यानं आणि काचेच्या तुकड्यानं तासून पातळ केल्या, वेळ गेला पण लाकूड वाचलं.

आणि आपली हवा! मॉडेलची माहिती ज्या देशांतून येते तिथली हवा वेगळी. इथे जूनमध्ये फेव्हिकॉल वाळायला रात्र पुरत नाही, आणि फेव्हिक्विक मात्र दमट हवेतच पटकन धरतं, थेंब टेकवला की संपलं, सरकवायला वेळच नाही. चाकूंना महिन्याभरात तांबूस ठिपके. मी आधी खोबरेल लावायची, घरात तेच असतं, पण ते थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होऊन त्याच्यावर धूळ बसते. शिलाई मशीनचं तेल बरं, पातळ हातानं, आणि मग मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद. पहिल्या वर्षी मी हौसेनं श्रावणात फळ्या लावल्या. बाहेर पाऊस, आत मी, फार सुंदर दिवस गेले ते. फळ्या अशा जुळल्या होत्या की सांधा दिसू नये. मग जानेवारीत एका सकाळी बघते तर डाव्या बाजूला सहाव्या आणि सातव्या फळीमधून उजेड येतोय. लाकूड पावसात फुगलेलं असताना मी बसवलं, कोरड्या हवेत ते आखडलं.

खरी होडी पाण्यात उतरली की तिच्या फळ्या फुगतात आणि सांधे मिटतात. माझी कधी उतरणारच नाही.

त्या फटीकडे बघताना मला आजोबांचा माटव आठवला. खाडीच्या काठावर, वर झापांचं छप्पर. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढून घेतलेल्या, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडे रीघ. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा आवाज मला अजून ऐकू येतो, टक टक टक, आणि जिथे कापूस घट्ट बसला तिथे आवाज बदलायचा, भरीव व्हायचा. आजोबा पुढच्या बाजूला बसून मागे काम करणाऱ्याला आवाजावरून सांगायचे, "थंय अजून पोकळ आसा." विस्तवावर फळी शेकून, पाणी मारून वाकवायचे तेव्हा ओल्या सागाचा जो वास यायचा, त्याच्यात माशाच्या तेलाचा वास मिसळलेला. मी सहा-सात वर्षांची. माझं काम भुशातून खिळे वेचायचं. हत्यारांना हात लावायची परवानगी नव्हती, मुलगी म्हणून का लहान म्हणून ते आता विचारायलाही कुणी नाही. ते गेल्यावर पेटी कुणी घ्यायची असा प्रश्न आला. मामा मुंबईला, चाळीतली खोली, म्हणाले, "अक्का, तूच ठेव, माझ्याकडे कुठे जागा आहे." म्हणून पेटी आईकडे, आणि आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर इथे. वाकस, सामता, गिरमिट, दोन रंधे, पाच पटाश्या. पटाश्यांपैकी मोठ्या माझ्या होडीला उपयोगाच्या नाहीत, पण पाव इंची आहे. पठाणाच्या कडेनं फळी बसायची जी खाच असते ती चाकूनं नीट होत नाही, तिचा तळ सपाट लागतो, तिला पटाशीच हवी. मी ही गोष्ट दोन वर्षं टाळत आले, खाच अर्धवट ठेवून. कारण वापरली की धार जाणार, धार गेली की दगडावर घासायची, घासली की तेवढी पटाशी संपली. आजोबांच्या हातची शेवटची धार होती तिच्यावर. ती मी पुसून टाकायची?

तर त्या दिवशी नवी पटाशी घेऊन घरी आले. नवी पटाशी तशी लगेच वापरता येत नाही, पाठ सपाट करायची, मग तोंडाचा उतार दगडावर घासून घ्यायचा. पाठ खरंच सपाट झाली की कसं दिसावं हे बघायला म्हणून मी पेटीतून आजोबांची काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. आणि तेव्हा पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं पुसतेय, कुंकू लावतेय, पण बघितलं नव्हतं. नवीचं पातं पाच इंच. आजोबांचं अडीच. मी पट्टीनं मोजलं, दोनदा. सुरुवातीला तीही पाच-साडेपाच इंचांचीच असणार, अशीच मिळतात. मूठ सुद्धा मूळची नाही, कुठल्या तरी दुसऱ्या लाकडाची, त्यांनी बदललेली. म्हणजे अर्धी पटाशी त्यांनी स्वतःच दगडावर संपवली होती, रोज थोडी थोडी, चाळीसेक वर्षं. ते पोलाद गेलं कुठे तर त्या दगडावरच्या काळ्या पाण्यात, आणि त्याच्या बदल्यात खाडीत होड्या उतरल्या. मी जी जपत होते ती त्यांनी कधीच जपून ठेवली नव्हती.

संध्याकाळी मी दगड भिजवला. उतार दगडावर टेकवला, मागेपुढे केल्यावर तो पूर्ण टेकतोय हे हाताला कळतं, एक प्रकारचा चिकटल्यासारखा स्पर्श असतो. पहिल्या दहा-बारा हातांतच पाणी काळं झालं. माझी बोटं काळी. छातीत धडधडत होतं, खरंच सांगते. थोड्या वेळानं पाठीच्या बाजूला बोट फिरवलं तर कडेला उलट वळलेली तारेसारखी बारीक कोर लागली, ती लागली की समजायचं धार टोकापर्यंत पोचली. पाठ हलकेच घासून ती काढली. मग सागाच्या एका तुकड्यावर आडवी चालवून बघितली आणि पापुद्रा निघाला, पारदर्शक, गुंडाळी होऊन पडला, आणि त्याच्यातून तो माटवातला वास आला, माशाच्या तेलाशिवायचा. त्याच रात्री पठाणाची खाच डाव्या बाजूनं पुरी केली. १ मिलिमीटर खोल, नाळेकडे वळताना थोडी कमी. नवी पटाशी आता वाळलेला फेव्हिकॉल खरवडायला ठेवलीय, त्यालाही काहीतरी हवंच होतं.

खंडेनवमीला सकाळी चौरंग मांडला. आई आली, खाली बसायला हल्ली तिला त्रास होतो, खुर्चीवरच बसली, आणि म्हणाली पटाशी दाखव. तिनं धारेवर अंगठा फिरवला, आडवा, विळीची धार बघतात तसा. मग पटाशी उजेडाकडे धरली, एक डोळा बारीक केला. मला माहीतच नव्हतं की तिला हे येतं.

"हिका मधी पोट इला," ती म्हणाली. "घासताना हात वर उचलतंस तू. बाबांची धार अशी नसायची, सपाट असायची."

मी काही बोलले नाही. तिनं कुंकवाची कोयरी पुढे ओढली.

"मुठीक लाव. पात्याक नको, गंज धरता."

त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, म्हणून पटाशी तशीच चौरंगावर राहिली, पोट आलेली. दसऱ्याच्या सकाळी आपट्याची पानं आणायच्या आधी मी दगड पुन्हा पाण्यात घातला आणि आईची खुर्ची शेजारी आणून ठेवली.